दमेकऱ्याचे पाय

दिल्लीच्या मंडी हाऊसच्या चौकातून निघून इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनी रस्त्याला मिळणारा जो मार्ग आहे, त्याला कोपर्निकस मार्ग म्हणतात. दूरदर्शन भवन या मार्गावर आहे, कमानी सभागृह आहे, आणि महाराष्ट्रातून राजधानीत येणाऱ्यांच्या ओळखीचे जुने महाराष्ट्र सदनही येथेच आहे. मार्ग सरळ आहे. त्याला चढ नाही, उतार नाही. धडधाकट माणूस बोलता बोलता तो पार करतो. परंतु समजा, सदनाच्या फाटकातून साठी ओलांडलेले एक गृहस्थ इंडिया गेट पाहण्यास निघाले आहेत आणि त्यांना छातीचा जुनाट विकार आहे. शंभर पावलांवर ते थांबतात. एका हाताने कुंपणाची जाळी धरतात, दुसरा हात गुडघ्यावर टेकवतात आणि तोंडाने श्वास घेऊ लागतात. बरोबरचा मुलगा विचारतो, “दम लागला का, बाबा?” ते मान हलवतात. प्रश्न तेथेच संपतो. दम लागला, म्हणजे दोष फुफ्फुसाचा, असा निकाल मुलाने दिलेला असतो, बाबांनी दिलेला असतो आणि बहुधा गावच्या डॉक्टरांनीही दिलेला असतो.

त्याच वेळी कोणी त्यांना आणखी एक प्रश्न विचारला, की बाबा, पाय कसे आहेत, तर उत्तर निराळे येण्याचा पुष्कळ संभव आहे. पाय भरून आले आहेत, मांड्या जड झाल्या आहेत, पोटऱ्यांत गोळे येतात, असे ते सांगतील. हा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारला गेला, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. कॅनडातील हॅमिल्टन गावच्या मॅकमास्टर विद्यापीठात किलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासनलिकांच्या जुनाट अवरोधाच्या रुग्णांस जागच्या जागी फिरणारी सायकल चालवावयास लावली. शक्य तितकी चालवून झाल्यावर त्यांनी प्रत्येकास विचारले, की तुम्ही थांबलात ते कशामुळे? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने अनेकांच्या अपेक्षेला धक्का दिला. धापेमुळे थांबलेले होतेच. परंतु पायांच्या थकव्यामुळे थांबलेले आणि दोहोंमुळे थांबलेले यांची संख्याही मोठी होती. फुफ्फुसाचा रोगी पायांनी अडला होता.

ज्याच्या नावाने हा मार्ग आहे तो कोपर्निकस खगोलवेत्ता म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याने इटलीतील पादुआ येथे वैद्यकाचेही अध्ययन केले होते आणि आपल्या प्रदेशात तो रुग्ण तपाशीत असे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १५४३ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात त्याने पृथ्वीला विश्वाच्या मध्यावरून हलवले. छातीच्या विकारांच्या उपचारात फुफ्फुसाला इतके मोठे स्थानांतर करावे लागलेले नाही. फुफ्फुस मध्यावर आहेच. परंतु त्याच्याभोवती आणखी काय काय फिरत असते याकडे मात्र फार काळ दुर्लक्ष झाले, हे मान्य करावे लागेल.

ज्या रोगाविषयी हे विवेचन आहे, त्याला वैद्यकात सीओपीडी या आद्याक्षरांनी ओळखतात. मराठीत त्याला दीर्घकालीन अवरोधक फुफ्फुसविकार असे लांबलचक नाव देता येईल. घरोघरी मात्र त्याला दमाच म्हणतात. खरा दमा, म्हणजे अस्थमा, निराळा. त्यात श्वासनलिका आकुंचन पावतात, पण योग्य औषधाने बहुधा मोकळ्या होतात. सीओपीडीत नलिकांची अरुंदता आणि फुफ्फुसाच्या वायुकोशांचा नाश हा पुष्कळसा कायमचा असतो. तंबाखूचा धूर हे त्याचे प्रसिद्ध कारण. परंतु पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी लंडनचे पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखाने एका दुसऱ्याच वर्गाकडे जगाचे लक्ष वेधले. हा वर्ग जन्मात विडी न ओढलेल्यांचा. चुलीपुढे बसून लाकूड, गोवऱ्या आणि काटक्या फुंकीत ज्यांचे आयुष्य गेले अशा स्त्रिया, धुळीच्या कामावरील मजूर, लहानपणी क्षय होऊन गेलेली माणसे, ही सारी या वर्गात मोडतात. १९९० साली भारतात या रोगाचे सुमारे २ कोटी ८१ लक्ष रुग्ण होते आणि २०१६ साली ती संख्या ५ कोटी ५३ लक्षांवर गेली, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे कुंपणाची जाळी धरून उभे राहिलेले गृहस्थ एकटे नाहीत. गावाकडे घराच्या उंबऱ्याशी थांबलेली त्यांची बहीण त्यांच्याच पंगतीतली आहे.

आता पाय का अडतात ते पाहू. मांडीच्या पुढच्या बाजूस चार भागांचा एक मोठा स्नायू असतो. वैद्यकात त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. खुर्चीवरून उठणे, जिना चढणे, पाटावरून उभे राहणे, बसच्या पायरीवर पाऊल टाकणे, ही सर्व कामे मुख्यतः त्याच्या बळावर चालतात. सीओपीडीच्या रुग्णांत या स्नायूची शक्ती समवयस्क निरोगी माणसाहून सरासरी २० ते ३० टक्क्यांनी कमी आढळते. स्नायू नुसता रोडावतो असे नाही. त्याची जातच बदलते. स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. काही तंतू सावकाश आणि चिवटपणे काम करणारे, प्राणवायूवर चालणारे. काही झटपट जोर करणारे, पण लवकर थकणारे. निरोगी मांडीत चिवट तंतूंचा भरणा चांगला असतो. या रुग्णांच्या मांडीत त्यांचे प्रमाण घटते, रक्त आणून पोहोचवणाऱ्या केशवाहिन्या विरळ होतात आणि पेशींत प्राणवायू जाळून शक्ती निर्माण करणारी सूक्ष्म केंद्रे उणावतात.

प्राणवायूवर चालणारी यंत्रणा अशी दुबळी झाली, की स्नायू थोड्याच श्रमात दुसऱ्या मार्गाला लागतो. तो लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो. हे आम्ल रक्तात आले, की रक्तातील क्षार त्याचा तीव्रपणा मारतात. आणि त्या क्रियेत जादा कर्बवायू उत्पन्न होतो. तो बाहेर टाकण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे श्वास. येथे सारा घोटाळा आहे. ज्या फुफ्फुसांना नेहमीचा कर्बवायू टाकता टाकता पुरेवाट होते, त्यांच्यावर दुबळी मांडी हा वाढीव बोजा लादते. श्वास जलद होतो; जलद श्वासात उच्छ्वासाला पुरेसा अवधी मिळत नाही; अरुंद नलिकांतून हवा पुरती बाहेर पडण्याच्या आत पुढचा श्वास येतो आणि छातीत हवा कोंडत जाते. माणसाला वाटते, की हवा आत जात नाही. वास्तविक ती बाहेर निघत नसते. आणि या कोंडमाऱ्याचा काही भाग छातीपासून दीड हात खाली, मांडीत सुरू झालेला असतो.

मांडी दुबळी होण्यास कारणे अनेक आहेत. शरीरात सतत धुमसणारा दाह, प्राणवायूची उणीव, अपुरे अन्न, वारंवार घ्यावी लागणारी स्टेरॉइडची औषधे, या सर्वांचा थोडाथोडा हात असतो. परंतु सर्वांत मोठे कारण साधे आहे. माणूस चालेनासा होतो. चालले की धाप लागते, म्हणून तो चालत नाही. चालत नाही म्हणून पाय खंगतात. पाय खंगले म्हणून पुढच्या खेपेस निम्म्याच अंतरावर धाप लागते. मग तो निम्मेही चालत नाही. आधी बाजार सुटतो, मग देऊळ सुटते, मग जिना सुटतो, आणि एक दिवस शौचकूपावरून आधाराशिवाय उठता येत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, त्याला त्या ठिकाणी मुलाला हाक मारावी लागते. रोगाचे खरे दुःख कोणते, असे अशा माणसास विचारले तर तो खोकल्याचे नाव घेणार नाही.

या घसरणीला घरातील मायाही हातभार लावते, हे सांगणे कठोर वाटले तरी प्राप्त आहे. “आजोबा, तुम्ही उठू नका, पाणी आणून देते,” असे सून म्हणते. नातू चष्मा आणून देतो. ताट खाटेशी येते. आजोबांनी दिवसभरात ज्या वीस-पंचवीस वेळा उठावयाचे, त्या सर्व वेळा दुसरीच माणसे उठतात. सेवा मनापासून होते, आणि आजोबांच्या मांड्या वाळत जातात.

विश्रांतीची ही कल्पना घरात कोठून आली? ती दवाखान्यातून आली. क्षयावर औषध नव्हते त्या काळात छातीच्या रोग्याला खाटेवर निजवून ठेवणे, उघडी हवा, दूध, अंडी आणि पूर्ण स्वस्थता हाच उपचार होता. त्यासाठी डोंगरमाथ्यावर आणि कोरड्या हवेच्या ठिकाणी आरोग्यधामे बांधली गेली. मिरजेसारख्या गावाची ख्याती त्यांमुळेही झाली. या श्रद्धेला पहिला सज्जड धक्का भारतातच बसला. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या केंद्रात क्षयाच्या रुग्णांचे दोन गट करून एकाला आरोग्यधामात व दुसऱ्याला त्यांच्या स्वतःच्या दाटीवाटीच्या घरी तीच औषधे देण्यात आली. घरच्या रुग्णांना अन्न निकृष्ट होते, आणि त्यांना हिंडणे-फिरणे व कामही अधिक पडत होते. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांचे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. औषध चालू असता खाटेवरच्या स्वस्थतेने विशेष काही साधत नव्हते. क्षयाच्या बाबतीत हा धडा जगाने घेतला. धापेच्या बाबतीत मात्र जुनी सवय पुष्कळ वर्षे टिकली, आणि ती अद्यापही पुरती गेलेली नाही.

तसे पाहता निराळा सूर काढणारे त्याच सुमारास निघाले होते. न्यूयॉर्कचे आल्व्हन बॅरॅक यांनी १९५२ साली लिहिले, की फुफ्फुस फुगलेल्या रुग्णांना हळूहळू चालण्याची सवय लावली तर त्यांची चालण्याची शक्ती वाढते. १९६४ साली अमेरिकेतील पियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना सरकत्या पट्ट्यावर चालवले. त्यांना असे आढळले, की काही आठवड्यांनंतर तितक्याच श्रमात नाडी मंद राहते, श्वास कमी लागतो; आणि फुफ्फुसाच्या तपासणीचे आकडे मात्र होते तेथेच राहतात. हा शेवटचा भाग बराच काळ वैद्यांना खटकत राहिला. फुफ्फुस सुधारले नाही, तर मग सुधारले काय? मनाची समजूत झाली असेल, असे म्हणून तो विषय बाजूस सारणेही सोपे होते.

या आक्षेपाला उत्तर मिळाले ते १९९१ साली, कॅलिफोर्नियातील रिचर्ड कॅसाबुरी यांच्याकडून. त्यांनी रुग्णांचे दोन गट केले. एकाने जोराचा व्यायाम थोडा वेळ करावयाचा, दुसऱ्याने हलका व्यायाम अधिक वेळ करावयाचा. एकूण श्रम दोहोंचे सारखे. नंतर रक्तातील लॅक्टिक आम्ल मोजले. व्यायामाने ते आम्ल कमी झाले होते, आणि आम्ल जितके कमी झाले त्या मानाने श्वासाची गरजही घटली होती. जोराचा व्यायाम करणाऱ्या गटात हा लाभ अधिक होता. मनाच्या समजुतीने रक्तातले आम्ल कमी होत नाही.

टोरांटोच्या डॉल्मेज आणि गोल्डस्टाइन यांनी २००८ साली केलेला प्रयोग तर लहान मुलालाही समजेल असा आहे. काही रुग्णांनी दोन्ही पायांनी अर्धा तास सायकल चालवावयाची. इतरांनी पंधरा मिनिटे एका पायाने आणि पंधरा मिनिटे दुसऱ्या पायाने. एकच पाय काम करीत असता श्वासावरील ताण कमी पडतो, त्यामुळे त्या पायाला पुरेसे कष्ट देता येतात. सात आठवड्यांनंतर एकेक पाय शिकवलेल्यांची श्रमशक्ती अधिक वाढली होती. फुफ्फुसे दोन्ही गटांची सारखीच रोगट होती. जे शिकले ते पाय.

ज्यांना अजून शंका असेल त्यांनी फुफ्फुसरोपण झालेल्या रुग्णांकडे पाहावे. रोगट फुफ्फुस काढून तेथे निरोगी फुफ्फुस बसवले, की सारा प्रश्न मिटावयास हवा. श्वासाची मापे खरोखरच सुधारतात. तरीही त्यांतील पुष्कळांची श्रम करण्याची शक्ती त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाच्या निम्म्याच्या आसपास अडकून राहते, कारण फुफ्फुस नवे असले तरी मांड्या जुन्याच असतात. आणि मांडीच्या बळाचा संबंध केवळ चालण्याशी नाही. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातील वैद्यांनी २००७ साली दाखवले, की मध्यम आणि तीव्र सीओपीडीच्या रुग्णांत ज्यांचा क्वाड्रिसेप्स दुबळा, त्यांच्या मृत्यूचा धोका अधिक.

मग उपाय काय? येथे महाराष्ट्राला परके वाटावे असे काही नाही. तालमीत जोर आणि बैठका काढणारा हा प्रदेश आहे. बैठक म्हणजे मांडीचाच व्यायाम, आणि फुफ्फुसविकाराच्या रुग्णाला जो मुख्य व्यायाम शिकवतात तो बैठकीचेच एक सौम्य रूप आहे. मात्र पैलवानाची पूर्ण बैठक त्याला सांगू नये. खाली उकिडवे बसले, की पोट वर दाबले जाते, छातीखालच्या श्वासपटलाला हालण्यास जागा उरत नाही आणि धाप वाढते. म्हणून खुर्ची घ्यावयाची. ती बिनहाताची पण भक्कम असावी आणि तिची पाठ भिंतीला टेकलेली असावी. बसणाऱ्याने किंचित पुढे सरकून पावले जमिनीवर घट्ट रोवावयाची, हात छातीवर बांधावयाचे, आणि हातांचा आधार न घेता उभे राहावयाचे. मग सावकाश, धपकन न पडता, पुन्हा बसावयाचे. उठताना श्वास सोडावयाचा, बसताना घ्यावयाचा. श्वास सोडताना शीळ घालण्यासाठी करतात तसे ओठ करावयाचे, म्हणजे हवा संथपणे आणि पुरती बाहेर जाते. पुष्कळजण उठताना श्वास रोखून धरतात, हे शिकवणाऱ्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात येते. ती सवय मोडण्यास एक-दोन आठवडे लागतात.

आठ ते बारा वेळा असे उठले म्हणजे एक फेरी झाली. मग विसावा. अशा एकापासून सुरुवात करून तीन फेऱ्यांपर्यंत जावयाचे. बारा वेळा सहज जमू लागले, की खुर्ची बुटकी घ्यावयाची किंवा हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धरावयाच्या. श्रम वाढवत नेले नाहीत तर स्नायू वाढत नाही. येथे कीव करून चालत नाही. पायाला वाळूची पिशवी बांधून खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा सरळ करणे, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे, जिन्याच्या एकाच पायरीवर चढणे आणि उतरणे, हेही त्याच मालिकेतले. वजनाच्या अशा व्यायामाने या रुग्णांस लाभ होतो हे १९९२ सालीच सिद्ध झाले आहे. यांत एक सोयही आहे. चालण्यात सारे शरीर एकदम कामाला लागते आणि धाप उसळते. मांडीचा सुटा व्यायाम थोड्या स्नायूंचा असल्याने तो धापेच्या आतल्या मर्यादेत करता येतो. ज्याला पन्नास पावले चालवत नाहीत, त्यालाही दहा वेळा गुडघा सरळ करता येतो.

चालणे सोडावयाचे असे मात्र नाही. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, वीस मिनिटे किंवा अधिक, थांबत थांबत का होईना, चालावयाचे. दोन मिनिटे चालणे आणि एक मिनिट उभे राहणे, असा तुकड्यांचा क्रमही चालतो. किती जोराने चालावे? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी धापेची एक मोजपट्टी तयार केली आहे. शून्य म्हणजे धाप मुळीच नाही, दहा म्हणजे कमाल. व्यायाम चार ते सहाच्या दरम्यान व्हावा, म्हणजे धाप लागावी, तुटक वाक्ये बोलता यावीत, पण घाबरे होऊ नये. धाप लागली म्हणजे इजा झाली, ही भीती रुग्णाच्या मनातून काढणे हे शिकवणाऱ्याचे अर्धे काम असते.

काही अटी पाळाव्या लागतात. सुरुवातीला वैद्याची तपासणी हवी, विशेषतः हृदयाची. कारण धूम्रपानाने फुफ्फुसाबरोबर हृदयही बिघडवलेले असू शकते. बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरवर प्राणवायूचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या खाली जात असेल, तर थांबावे आणि वैद्यास विचारावे. काहींना व्यायामाच्या वेळी प्राणवायू द्यावा लागतो. छातीत दुखणे, चक्कर, अनियमित ठोके यांपैकी काहीही झाले तर तो दिवस संपला. श्वासनलिका मोकळ्या करणारे इनहेलर दिलेले असेल, तर ते व्यायामापूर्वी घ्यावे. आणि अन्नाकडे दुर्लक्ष होऊ नये. चहा-बिस्किटावर मांडी भरत नाही. डाळ, दूध, अंडी, मासे यांपैकी घरात जे चालत असेल ते वाढवले पाहिजे.

प्राणायाम करीत असल्याने निराळ्या व्यायामाची गरज नाही, असे पुष्कळांचे मत असते. संथ श्वसनाने घाबरेपणा ओसरतो, हे खरे आहे, आणि ज्याला त्यात समाधान आहे त्याने ते जरूर करावे. परंतु पद्मासनात बसून मांडीचे तंतू बदलत नाहीत. ते काम उभे राहिल्यानेच होते.

या सर्वांस मिळून फुफ्फुसपुनर्वसन असे नाव आहे. त्यात व्यायामाबरोबर औषधे घेण्याची रीत, आहार, धूम्रपान सोडवणे आणि धीर देणे यांचाही समावेश होतो. आठवड्यास दोन-तीन वेळा असा सहा ते बारा आठवड्यांचा कार्यक्रम असतो. त्याचा उपयोग होतो किंवा नाही हा वाद आता उरलेला नाही. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने ६५ प्रयोगांतील ३,८२२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली आणि लाभ इतका स्पष्ट आहे, की नेहमीच्या उपचाराशी त्याची तुलना करणारे आणखी प्रयोग करण्याचे कारण नाही, असा अभिप्राय दिला. वैद्यकाच्या जगात इतके निःशंक वाक्य क्वचित ऐकू येते. पुन्हा दुखणे उसळून रुग्णालयात जावे लागले, तर तेथेही पायांना विसरू नये. बेल्जियमच्या ल्युव्हेन येथील निरीक्षणानुसार खाटेवरच्या तिसऱ्या ते आठव्या दिवसापर्यंत मांडीची शक्ती सुमारे ५ टक्क्यांनी घटते. आणि त्याच गावी २०१० साली दिसून आले, की दुखणे चालू असतानाच खाटेशेजारी मांडीचा व्यायाम दिला तर ही हानी टळते.

इतके असून हा उपचार मिळतो किती जणांना? अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात, रुग्णालयातून घरी गेलेल्या सीओपीडीच्या वृद्ध रुग्णांपैकी नव्वद दिवसांत पुनर्वसनाला लागलेले शंभरांत दोनही नव्हते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसले. भारतात दिल्ली, पुणे, मुंबई अशा शहरांतील काही रुग्णालयांत अशी केंद्रे आहेत. इंग्लंडच्या लेस्टर येथील तज्ज्ञांबरोबर भारत, श्रीलंका, युगांडा आणि किरगिझस्तान येथे हा उपचार रुजवण्याचा जो उद्योग झाला, त्यात पुण्याचाही सहभाग होता. तेथील प्रश्न निराळे असतात. रुग्ण दूर राहतो, बसभाडे असते, एक दिवस गेला तर रोजगार बुडतो, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर त्यांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात कोण आणणार हा प्रश्न असतो. शिवाय औषध मिळाले नाही तर रुग्ण तक्रार करतो. व्यायाम सांगितला नाही म्हणून तक्रार केलेली कोणी ऐकली आहे काय? गोळी लिहून देण्यास एक मिनिट पुरते. उठबस शिकवण्यास अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासाची किंमत कोणी धरीत नाही.

म्हणून घरी करावयाच्या पद्धतीला आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. तिला लागणारे साहित्य म्हणजे एक खुर्ची, एक पायरी आणि एक घड्याळ. प्रगती मोजण्याची रीतही सोपी आहे. एका मिनिटात किती वेळा खुर्चीवरून उठता आले ते मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवावयाचे. दुसरी रीत रुग्णालयातली. तीस मीटरच्या सपाट ओसरीत सहा मिनिटे चालावयाचे आणि अंतर मोजावयाचे. पुनर्वसनानंतर हे अंतर तीसेक मीटरने वाढले, तर रुग्णाला स्वतःला फरक जाणवतो असे मानतात. तीस मीटर ऐकावयास थोडे वाटतात. पण ज्याची न्हाणीघरापर्यंत जाताना फरपट होते, त्याला विचारावे.

व्यायाम सोडला, की मिळालेले बळ सहा महिने ते वर्षभरात ओसरू लागते. ही या उपचाराची लंगडी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. दिल्लीत तर त्यात हवेची भर पडते. कोपर्निकस मार्गावरच्या फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ आहे. राजधानीच्या हवेविषयीची कितीतरी गाऱ्हाणी त्या वास्तूत मांडली गेली आहेत. तरी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत हवेचा निर्देशांक अनेक दिवस ४०० च्या पलीकडे, म्हणजे गंभीर या वर्गात जातो. अशा दिवशी छातीच्या रुग्णाने पहाटे इंडिया गेटकडे फिरावयास जाणे हे आरोग्य नव्हे. दिवाळीनंतर फिरणे सुटते, संक्रांतीपर्यंत सुटलेलेच राहते, आणि तोवर मांड्या पुन्हा पहिल्या पदाला येतात. चालण्यावरच भिस्त ठेवणाऱ्यांचे हे दरवर्षी होते. खुर्चीवर भिस्त ठेवणाऱ्याला दार लावून घेता येते.

तेव्हा त्या गृहस्थांचे त्या सकाळी काय व्हावे? त्यांनी जाळीला धरून दोन मिनिटे उभे राहावे, शीळ घातल्यासारखे ओठ करून श्वास सोडावा, आणि श्वास ताब्यात आला की आणखी पन्नास पावले चालून परत फिरावे. मुलाने रिक्षा बोलावण्याची घाई करू नये. खोलीवर आल्यावर भिंतीशी एक खुर्ची लावावी आणि जेवणापूर्वी आठ वेळा उठबस करवून घ्यावी. मोजण्याचे काम मुलाने करावे. गावी परतल्यावर कॅलेंडरच्या पहिल्या चौकोनात आठ हा आकडा लिहावा. आणि पाण्याचा तांब्या खाटेशी न ठेवता पलीकडच्या खोलीत ठेवावा.